खांबेट्यांचा फ्रेंच शातो

"आमच्याकडे पश्चिमेचं छप्पर गळतंय हो!" असं खांबेटेकाका कुंपणापलीकडून ओरडले, तेव्हा आम्हाला न्यूझीलंडमधल्या अल्बनीत राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. आडवातिडवा पाऊस चालू होता. मी नव्या शेजारणीचं कर्तव्य म्हणून दोन बादल्या, एक जुनी ताडपत्री आणि कुरकुरणारा नवरा घेऊन त्यांच्या दारात हजर झाले. दार सुलभाकाकूंनी उघडलं. त्यांनी बादल्यांकडे पाहिलं, ताडपत्रीकडे पाहिलं, आणि आत तोंड करून म्हणाल्या, "अहो, तुमच्या खिंडाराला मदत आलीय बघा!"

गळणारं छप्पर फ्रान्समध्ये होतं. काकूंचं घर ठणठणीत कोरडं होतं.

काकांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि टॅब्लेट समोर धरला. पडक्या भिंती, आयव्हीच्या वेलीत बुडालेले दोन बुरुज, खिडक्यांच्या जागी भोकं. "शातो द ब्रुव्हिए," काका म्हणाले. "आमचा." काकूंनी चहा आणला आणि बादल्या इथेच राहू द्या, मला बागेत उपयोगी पडतील, असं सांगून त्या ठेवून घेतल्या. त्या अजून त्यांच्याकडेच आहेत.

ह्या 'आमचा'चा खुलासा असा. फ्रान्समधल्या कोणा उत्साही मंडळींनी हा ओसाड किल्लेवजा महाल वाचवायचा ठरवला आणि इंटरनेटवरून त्याची मालकी जगभरच्या हजारो हौशी लोकांना तुकड्यातुकड्याने विकली. काका त्यातले एक. नीट वाटणी केली तर त्यांच्या वाट्याला जिन्याची एखादी पायरी यावी, आणि तीही तुटकी. हे मी एकदा बोलूनही दाखवलं. काका जराही ओशाळले नाहीत. "वैशाली, एकत्र कुटुंबात असं वाटणीचं बोलू नये," ते म्हणाले.

तेव्हापासून मी काकांचं सरदारपण रोज बघत आले आहे. आयुष्यभर साखर कारखान्यात इंजिनीअर असलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर मुलाकडे न्यूझीलंडला आला. अंगात हाफ पँट, पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, आणि वर हेन्डरसनच्या एका सेकंडहँड दुकानातून आणलेलं जांभळं मखमली जाकीट. ह्या अवतारात ते कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जातात. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला 'बोंजूर' म्हणतात. ड्रायव्हर सामोअन आहे. तो माओरीत 'किया ओरा' म्हणतो, आणि दोघंही आपापल्या जागी समाधानी असतात. समोरचा ग्रॅहॅम तर त्यांना गंभीर चेहऱ्याने 'मॉर्निंग, काउंट' म्हणतो. ह्यात थट्टा किती आणि आदर किती हे मला अजून कळलेलं नाही.

पण खरी करमणूक त्यांच्या घराण्याच्या इतिहासात होती. कुठलाही विषय निघू दे, काका दोन वाक्यांत ब्रुव्हिएला पोचायचे. आम्ही घराला रंग काढला तर म्हणाले, "आमचे पहिले काउंट, गास्तों. शातो बांधून झाला आणि कोणीतरी कानात सांगितलं की दक्षिणेचं दार वाईट. झालं! ते बुजवलं आणि पूर्वेला नवीन काढलं. नव्या दारासमोर विहीर. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस विहिरीला वळसा घालून आत यायचा. पण मानी माणूस, चूक कबूल केली नाही."

"फ्रान्समध्येही दिशा बघतात?" मी विचारलं.

"घराणं म्हटलं की हे चालायचंच," काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुसरे काउंट पुतणीच्या लग्नात रुसले होते. त्यांना म्हणे दुसऱ्या पंगतीत बसवलं. ते उठून तडक आपल्या घोडागाडीत जाऊन बसले आणि मुलीच्या बापाने येऊन हात जोडेपर्यंत अन्नाला शिवले नाहीत. तोवर जेवण गार झालं होतं, म्हणून परत रुसले. त्यांची आई, थोरली काउंटेस, मुरंब्याच्या बरण्या कपाटात कुलपात ठेवायची आणि किल्ली कमरेला लावून झोपायची. नातवंडांनी कपाटाची मागची फळी काढून मुरंबा संपवला, आणि म्हातारी मरेपर्यंत रिकाम्या बरण्यांची राखण करत राहिली.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि नवऱ्याच्या मते छंदही. तरी मला शंका आली नाही. फ्रेंच सरदारांबद्दल माझं ज्ञान शून्य होतं, आणि रुसणारे काउंट मला एकदम पटण्यासारखे वाटले होते.

ह्या सगळ्यांत काकांची लाडकी म्हणजे काउंटेस मतिल्ड. तिचं नाव काढलं की ते जाकिटाचं बटण लावायचे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत हातात मशाली घेऊन जमाव शातोवर चालून आला. काउंट शिकारीला गेलेले. मतिल्ड नवी नवरी, घरात एकटी. तिने काय करावं? फाटक सताड उघडलं आणि सगळ्यात पुढे असलेल्या धटिंगणाला विचारलं, "जेवलात का?"

"असं विचारलं? फ्रेंचमध्ये?"

"फ्रेंचमध्येच विचारलं असणार ना! मग कांद्याचं सूप केलं, पाव कापले आणि सगळ्यांना अंगणात ओळीने बसवलं. जेवण झाल्यावर त्या लोकांना शातो जाळायची लाज वाटली. भांडी विसळून ठेवून गेले." स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू यायची. शातोचा विषय निघाला की काकू नेमक्या कुकर लावायला जात.

गेल्या दिवाळीत प्रकरण तापलं. आमच्या इथल्या मराठी मंडळात दरवर्षी किल्ल्यांची स्पर्धा असते. ज्याने त्याने आपल्या अंगणात मातीचा किल्ला करायचा आणि परीक्षकांनी गाडीतून शहराच्या एका टोकाच्या पापाटोएटोपासून दुसऱ्या टोकाच्या अल्बनीपर्यंत हिंडून तो बघायचा. परीक्षकांचा निम्मा दिवस मोटरवेवर जातो. आमच्या बाजूची माती चिकण. बाग करणारा तिला शिव्या देतो, पण किल्ल्याला तिच्यासारखी माती नाही. काकांनी नाव नोंदवलं आणि किल्ल्याच्या नावाच्या जागी लिहिलं: शातो द ब्रुव्हिए.

मंडळाचे अध्यक्ष ढवळे. ते आयटीत मॅनेजर आहेत आणि मंडळही तसंच चालवतात. त्यांनी ताबडतोब मॉलमध्ये कॉफीवर बैठक बोलावली. मलाही बोलावलं, कारण शेजारीण म्हणून मी काकांना समजावीन अशी त्यांची समजूत होती.

"काका, नियम साधा आहे," ढवळे म्हणाले. "किल्ला आपला पाहिजे."

"आपलाच आहे. मालकीचे कागद दाखवू?"

"तसं नाही हो. आपला म्हणजे... महाराष्ट्रातला."

"तुमच्या धाकट्याने मागच्या वर्षी केला त्यात डायनोसोर होता. तो कुठल्या तालुक्यातला?"

ढवळ्यांनी कॉफी ढवळली. मग त्यांनी हुकमी पत्ता काढला. "ठीक आहे. पण मग महाराज कुठे बसणार?"

"महाराज सगळ्यात वर," काका ताडकन म्हणाले. "काउंट खाली, मान लववून. आमच्या घराण्याला रीतभात कळते."

शेवटी एक उपसमिती नेमली गेली. तिने आणखी कॉफी पिऊन असा तोडगा काढला की प्रवेश द्यावा, पण किल्ल्यापुढे इतिहासाचा फलक असावा, म्हणजे नव्या पिढीचा गोंधळ होणार नाही. नव्या पिढीचा गोंधळ आम्हा मोठ्यांच्या मानाने फारच कमी आहे, पण ते असो. फलक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आता फलक लिहायचा म्हणजे निदान नावं तरी बरोबर हवीत. म्हणून मी त्या शातोच्या वेबसाइटवर गेले आणि इतिहासाचं पान उघडलं. शातो एका मिठाच्या व्यापाऱ्याने बांधला होता. सरदारकी त्याने विकत घेतलेली. त्याच्या मुलाने, नातवाने आणि पणतूने वकिली केली, एकमेकांवर दावे लावले आणि वेळच्या वेळी मेले. राज्यक्रांतीत जमाव आला होता खरा, पण तो शेजारच्या मोठ्या शातोवर गेला. ह्याची कोणी दखलच घेतली नाही. पुढे तिथे शाळा भरली, मग आग लागली, मग आयव्ही. गास्तों नाही, रुसवा नाही, मुरंबा नाही. मतिल्ड तर नावालाही नाही.

मला भयंकर राग आला. इतके दिवस मी ह्या थापा चहाबरोबर गिळत होते, आणि वर ऑफिसात चार लोकांना सांगितल्या होत्या. रविवारी दुपारी मी तरातरा काकांच्या मागच्या अंगणात गेले. काका गमबूट घालून चिखलात बसले होते. शातो मात्र सुरेख झाला होता. दोन बुरुज, खंदक, उतारावर पेरलेल्या मोहरीला हिरवे कोंब.

"काका, मी फलकावर खोटं लिहिणार नाही," मी म्हटलं. "मी वेबसाइट वाचली. तिथे मिठाचा व्यापारी आणि वकील आहेत. तुमच्या मतिल्डबाई कुठे आहेत?"

काका बुरुजावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, आता 'घराणं म्हटलं की' येणार. पण ते आलं नाही.

"इतिहास खरा आहे गं," ते म्हणाले. "किल्ला तेवढा दुसऱ्याचा."

मग त्यांनी सांगितलं. विहिरीला वळसा घालून घरात शिरावं लागायचं ते त्यांच्या आजोबांच्या घरात. लग्नात रुसून बैलगाडीत जाऊन बसले ते त्यांचे चुलते, विनायककाका. मुरंब्याची राखण करणारी खांबेटेकाकांची आजी, आणि मागची फळी काढणाऱ्यांत ते स्वतः होते.

"मुलगा पर्थला गेला तेव्हा इरा पाच वर्षांची होती. इथे होती तोवर माझ्याच ताटात जेवायची. तिकडे गेल्यावर रविवारचा फोन. 'हाय आजोबा', की लगेच 'बाय आजोबा'. मी माझ्या आजोबांचं काही सांगायला गेलो, की मागून मुलगा म्हणायचा, बाबा, कुठल्या काळातलं सांगताय, तिला कंटाळा येतो. त्याचंही बरोबर आहे. एकदा हा शातो दाखवला. तर म्हणाली, 'हू लिव्ड देअर?' मी म्हटलं, मराठीत विचार, मग सांगतो. विचारलं गं तिने! 'तिथे कोण राहतो?' आता कोणीतरी राहायला आणायला नको का? फ्रेंच माणसं माझ्या ओळखीची नाहीत. जी होती ती नेऊन ठेवली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. उगाच विचारायचं म्हणून मी विचारलं, "आणि मतिल्ड?"

काकांनी स्वयंपाकघराच्या दिशेने मान केली. "ही. कारखान्याच्या कॉलनीत नवा संसार होता आमचा. दोन कामगारांना काढलं होतं आणि त्या कागदावर सही माझी होती. वरून आलेला हुकूम, पण लोक सही बघतात. सगळे चालून आले घरावर. हिने दार उघडलं आणि विचारलं, जेवलात का. पिठलं टाकलं, शेजारून भाकऱ्या मागून आणल्या."

"आणि तुम्ही खरंच शिकारीला...?"

"मी कोठीच्या खोलीत होतो. पिठाच्या पिंपामागे." काका मातीकडे बघत बोलत होते. "दार आतून लावून घेतलं होतं मी. ही बाहेर होती आणि मी आतून कडी घातली होती. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ती बोलली नाही, मला तोंड नव्हतं. इराला काउंट शिकारीला गेले असंच सांगितलंय. नातीला कसं सांगू की काउंट पिंपामागे होता?"

इतक्यात फोन वाजला. पर्थची सकाळ झाली होती. काकांनी हात जाकिटाला पुसून फोन शातोच्या तटाला टेकवला. मी निघाले, तर त्यांनी खुणेने बसवलं. मला वाटतं, त्यांना किल्ला कोणाच्या तरी साक्षीने दाखवायचा होता. पण पडद्यावर इराचा चेहरा आला तो फुगलेलाच.

"आजोबा, स्कूलमध्ये टॉक होता. मी अवर कॅसल घेतला. मी लायब्ररीत सगळं बघितला." तिचा आवाज चिरकला. "देअर इज नो मतिल्ड! कोणीच नाही! यू मेड इट ऑल अप!"

पळून जायला जागा असती तर मी गेले असते. काकांचा चेहरा पडला. एवढ्या रविवारांनी उभं केलेलं सगळं त्या पोरीने एका वाक्यात पाडलं होतं, आणि आता ती लाल बटण दाबणार हे मलाही दिसत होतं.

"नावं खोटी होती," काका म्हणाले. "माणसं खरी होती, इरा. आपली होती. तुला आपली माणसं आवडणार नाहीत असं वाटलं मला, म्हणून त्यांना फ्रेंच कपडे घातले. खरं सांगू? मला भीती वाटायची, गोष्ट संपली की तू फोन ठेवशील."

पण इराने फोन ठेवला नाही. तिने नाक ओढलं. "देन... मतिल्ड कोण आहे?"

"तुझी आजी."

"आपली आजी? नो वे!"

"मी आहे, मी आहे," मागून आवाज आला. सुलभाकाकू दारात उभ्या होत्या, हातात निवडत असलेल्या कोथिंबिरीची जुडी. स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडते, आणि ती उघडी होती. आमचं बोलणं त्यांनी कुठपासून ऐकलं होतं कोणास ठाऊक. काकांनी वर पाहिलंच नाही. ते उठून भिंतीजवळच्या नळाशी गेले आणि पाठमोरे उभे राहून हात धुवायला लागले.

काकू फोनसमोर पायरीवर बसल्या. एरवी त्यांचं नातीशी संभाषण 'जेवलीस का' ह्यापलीकडे जात नसे. तिचं इंग्लिश ह्यांना झेपत नाही, ह्यांचं मराठी तिला. पण आज पोरीला घाई नव्हती.

"आजी, तुला भीती नाही वाटला?"

"वाटली ना. पण चुलीवर पिठलं होतं, ते करपेल ह्याची जास्त भीती वाटत होती."

इरा हसली. "दे वर अँग्री? खूप?"

"उपाशी होते गं बिचारे. उपाशी माणूस रागावतोच."

"आणि आजोबा?" इराने विचारलं. "तो खरंच हंटिंगला गेला होता?"

नळ चालू होता. काकांचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ते पाण्याखाली तसेच धरलेले होते. काकूंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. ह्या बाईला मी ओळखते. नवऱ्याची फजिती करायची एकही संधी तिने माझ्यादेखत सोडलेली नाही. खिंडार, तुटकी पायरी, जाकीट, सगळ्यावर तिने हात धुऊन घेतले आहेत.

"छे गं, कसली शिकार," काकू म्हणाल्या. "घरीच होते. माझ्या शेजारी उभे होते, अगदी खांद्याला खांदा लावून. ते होते म्हणून तर मी दार उघडलं."

"रिअली?"

"म्हणजे काय!"

नळ बंद झाला. काका वळले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि मखमली जाकिटाच्या चिखलाने भरलेल्या टोकाने तो पुसायला लागले.